वाटीभर भाताचा हिशेब

चिपळुणात एखाद्या घरात कुणाला शुगर निघाली की पहिली हालचाल ठरलेली असते. साखरेचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला जातो. चहा बिनसाखरेचा होतो. शेजारच्या काकू कारल्याचा रस सुचवतात, मुंबईचे मेहुणे फोनवरून मेथीदाणे भिजत घालायला सांगतात, कुणीतरी जांभळाच्या बियांची पूड पुडीत बांधून आणून देतं. आणि दुपारी एक वाजता तोच माणूस पानावर बसून नेहमीसारखा भात घेतो. आधी आमटीशी, मग माशाच्या कालवणाशी, आणि शेवटी ताकाशी चार घास. "गोड अगदी बंद केलंय हो," असं तो सगळ्यांना सांगतो आणि त्यात खोटं काही नसतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तेव्हा आकडा जवळपास होता तिथेच असतो.

आमच्या घरी वडिलांचं असंच झालं. चिंचनाक्याजवळच्या एका लॅबमध्ये सहज म्हणून तपासणी केली आणि डायबेटीस निघाला. साखरेचा डबा वर गेला. दोनेक आठवड्यांनी मी सुट्टीत घरी आलो होतो. सोबत स्वयंपाकघरात वापरायचा छोटा वजनकाटा होता. आईने वाढलेला भात मी ताटातून काढून त्यावर ठेवला. पहिली वाढ, मग मागून घेतलेला, मग ताकाशी घेतलेला, असं करत एका जेवणाचा आकडा ३७० ग्रॅमवर गेला. आई म्हणाली, "एवढा तर सगळेच जेवतात." तिचं बरोबर होतं. एवढा तर सगळेच जेवतात.

आता या ३७० ग्रॅमचं शरीरात काय होतं ते पाहू. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे पिष्टमय पदार्थ असतात. आपली सपाट भरलेली एक वाटी भात म्हणजे १०० ते १२० ग्रॅम. म्हणजे वाटीमागे तीसएक ग्रॅम पिष्ट. चहाचा एक छोटा चमचा साखर पाच ग्रॅमची. तीन कप चहातली दोन-दोन चमचे साखर सोडली, तर दिवसाला ३० ग्रॅम वाचली. हे काही थोडं नाही. पण ती बचत वाटीभर भाताएवढीच आहे. शिवाय साखरेचा रेणू निम्मा ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज असतो, भातातला स्टार्च मात्र नुसत्या ग्लुकोजची लांबलचक साखळी. आतड्यात ती साखळी सुटली की सगळं ग्लुकोजच रक्तात उतरतं. जिभेला भात गोड लागत नाही, म्हणून तो संशयितांच्या यादीत कधी येत नाही, एवढंच.

हे माझं घरगुती मत नाही. २१ देशांतल्या एक लाख बत्तीस हजारांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दिवसाला १५० ग्रॅमपेक्षा कमी शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांशी ४५० ग्रॅम किंवा जास्त खाणाऱ्यांची त्यात तुलना होती. सगळे देश मिळून जास्त भात खाणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका सुमारे २० टक्के जास्त दिसला, आणि एकट्या दक्षिण आशियात तो ६१ टक्के जास्त होता. ४५० ग्रॅम म्हणजे चार वाट्या. आमच्याकडे दुपार आणि रात्र मिळून त्या सहज होतात, सकाळी पेज किंवा घावन असलं तर त्याचा हिशेब वेगळा.

मग प्रश्न येतोच: आजोबा-पणजोबा हाच भात खाऊन नव्वदीपर्यंत जगले ते कसे? एक तर तो हाच भात नव्हता. व्हायनात मुसळाने कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा तांबूस थर राहायचा. आजचा दाणा गिरणीत घासून मोत्यासारखा करतात, त्यात राहतो तो बहुतेक स्टार्च. दुसरं म्हणजे अनेक घरांत रोज पोटभर भात नसायचाच. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकायची, तीच ताटात यायची. भात सणासुदीला किंवा पाहुण्यांना. आज भात रोजचाच झालाय. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, आणि ते उपाशी राहण्यापेक्षा हजारपटीने बरं आहे. तिसरं कारण अंगमेहनत. चिखलणी, लावणी, भारे वाहणं, बाजाराला चालत जाणं, या सगळ्यात स्नायू रक्तातली साखर ओढून घेत असत. आता लावणी बरेचदा मजुरांकडे किंवा यंत्राकडे, आणि बहादूरशेख नाक्यापर्यंत जायचं तरी स्कूटर.

पण याहून खोल एक कारण आहे, आणि त्याचा शोध आपल्या महाराष्ट्रातच लागला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण हलकेपणा सगळीकडे सारखा नव्हता: स्नायू आणि अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीवाली अशी ही आपली ठेवण. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा उंचीशी वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आमच्याकडच्या "मी कुठे जाडा आहे, मला कशी शुगर?" या प्रश्नाला इतकं चोख उत्तर दुसरं नाही.

हा धागा पुढे थेट आपल्या तालुक्यात येतो. सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने या भागातल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलींचा दीर्घकाळचा अभ्यास हाती घेतला आहे. पुढे आई होणाऱ्या या मुलींच्या पोषणाचा त्यांच्या आणि पुढच्या पिढीच्या मधुमेहासारख्या आजारांशी काय संबंध आहे, हे त्यातून पाहायचं आहे. चिपळूणची शुगर समजून घ्यायची तर चाळिशीच्या बरंच आधीपासून सुरुवात करावी लागते, हे त्यामागचं गृहीत मला पटतं.

चरबी आणि साखर यांचा संबंध काय, हे सांगायला मला कणगी आठवते. भात झोडून झाला की दाणे कणगीत भरायचे. कणगी मोठी असेल तर दोन वर्षांचं पीक मावेल. लहान असेल तर उरलेली पोती माजघरात, मग पडवीत, शेवटी देवघरासमोर येऊन पडतात आणि घरात चालायला वाट राहत नाही. त्वचेखालची चरबी ही शरीराची कणगी. आपल्यातल्या अनेकांची कणगीच लहान. गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं लवकर उतू जातं आणि यकृतात, स्वादुपिंडात जाऊन साचतं. चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. म्हणून सकाळी उपाशीपोटीसुद्धा आकडा वर येतो. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी ही मांडणी केली आणि पडताळूनही पाहिली.

त्यांच्या पडताळणीतून जे निघालं ते नुकतीच शुगर निघालेल्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नाहीत अशा ३०६ जणांवरचा हा प्रयोग. निकाल २०१७ साली आला. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं, मग हळूहळू साधं जेवण सुरू केलं. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ते ८६ टक्क्यांवर गेलं. ही माणसं वजनदार होती, आपल्यासारखी काटकुळी नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून टेलर यांनी नंतर बेताच्या वजनाच्या २० मधुमेहींवर तोच प्रयोग केला. त्यातल्या १४ जणांची साखर अशीच औषधांविना खाली आली. याला डॉक्टर 'रिमिशन' म्हणतात, 'बरा झाला' म्हणत नाहीत. औषध बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साडेसहाच्या खाली असला तर रिमिशन. वजन परत आलं की साखरही परत येते. आणि आजार जितका जुना तितकी ही संधी कमी, म्हणून पहिली दोन-चार वर्षं सोन्यासारखी. मात्र साडेआठशे कॅलरींचा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही, तो डॉक्टरांच्या नजरेखालीच.

मग घरी काय करायचं? माझं म्हणणं साधं आहे. सगळ्यात आधी भात वाटीने मोजा. एका जेवणाला एक सपाट वाटी. आमच्या घरी पहिल्या दिवशी ताट इतकं ओकंबोकं दिसलं की आईचा जीव कासावीस झाला. "अहो, एवढ्याशा भाताने काय होणार तुमचं?" वडील म्हणाले, "भात राहू दे, पिठलं वाढ." गंमत म्हणजे उपाय त्या वाक्यातच होता. कोकणातली सून "थोडा घ्या अजून" म्हणते तेव्हा तिच्या हातात भाताचंच पातेलं असतं. ते बदलून आमटीचं, भाजीचं किंवा कालवणाचं असायला हवं.

ते पिठलं कुळथाचं, आणि कुळीथ हे आपल्याकडचं सगळ्यात दुर्लक्षित औषधी कडधान्य आहे असं मी म्हणेन, 'औषधी' हा शब्द मला एरवी आवडत नसला तरी. १०० ग्रॅम कुळथात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तांदळात सातएक. तंतू भरपूर, आणि त्यातला स्टार्च सावकाश पचतो. म्हणून त्याच वाटीभर भाताबरोबर दाटसर पिठलं किंवा कुळथाची उसळ आली, तर साखर एकदम उसळत नाही, आणि चार वाजता पोट पुन्हा खायला मागत नाही. पिठलं पाण्यासारखं पातळ करून त्यात भात बुडवायचा नाही, हा मात्र नियम. कडव्या वालांचं बिरडं, चवळी, मूग, सगळं याच कामाचं. मासा तर या बाबतीत वरदान. बांगड्यात पिष्ट शून्य आणि १०० ग्रॅमला वीसएक ग्रॅम प्रथिनं. तिखलं केलं तर उत्तम. रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तेलात सोडला की निम्मं पुण्य गेलं. सुकट-जवळ्यात प्रथिनं चांगली, पण मीठ फार. ज्यांना शुगरबरोबर प्रेशरही आहे त्यांनी हात आखडता ठेवावा.

ताटाचा निम्मा भाग भाजीचा हवा, आणि पावसाळ्यात इथे त्याची चंगळ. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू, पुढे पडवळ, शिराळी, काकडी. यात पोट भरतं आणि साखर जवळपास हलत नाही. बटाटा, रताळं, सुरण आणि फणसाच्या आठळ्या भाजीसारख्या केल्या तरी हिशेबात भाताच्याच बाजूला धरायच्या. जेवताना आधी भाजी आणि मासा किंवा उसळ, भात सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवला तर तेच जेवण साखर कमी चढवतं, हे न्यू यॉर्कमधल्या एका छोट्या प्रयोगात २०१५ साली दिसलं. आपल्याकडे मात्र पहिला घास वरणभाताचा. तो उलटा करायला काहीही खर्च नाही. जेवण झाल्यावर दहा मिनिटं चालणं हीही तसलीच फुकटची गोष्ट.

आता नाचणी. शुगर निघाली की लोक डोळे मिटून नाचणीकडे वळतात आणि दिवसातून तीनदा खातात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून जास्त, तंतूही चांगले. पण पिष्ट जवळपास ७० ग्रॅम, म्हणजे तांदळाहून थोडंच कमी. एक भाकरी आणि सोबत पालेभाजी, हे छान. नाचणीचं सत्त्व काढून केलेली पातळ खीर, त्यात गूळ, ही मात्र साखरेची सरळ वाट. पीठ जितकं बारीक आणि पदार्थ जितका पातळ, तितकी साखर लवकर चढते. उकडा तांदूळ साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा जरा सावकाश पचतो, तरी तोही वाटीतूनच. गूळ आणि मध यांच्या पुण्याईवर जाऊ नका. रक्तात उतरल्यावर त्यांची साखरच होते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन देवाला आणि डॉक्टरला एकदम खूश करता येत नाही. साबुदाणा म्हणजे बहुतेक सगळा स्टार्च. सोलकढी बिनघोर प्या. अमृत कोकम हे मात्र साखरेचा पाक आहे, कोकमाच्या नावावर जाऊ नका.

आणि हापूस? मे महिन्यात कोकणातल्या माणसाला आंबा तोडायला सांगणारा आहारतज्ज्ञ मी तरी मनावर घेत नाही. १०० ग्रॅम गरात १५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. म्हणजे अर्धा मध्यम हापूस अर्ध्या वाटी भाताइतका. अर्धा आंबा, फोडी करून, जेवणात तेवढा भात कमी करून: जमतो. तीन आंब्यांचा आमरस आणि चार पुऱ्या जमत नाहीत, मग रसात साखर घातलेली नसली तरी. फणसाचे पिकलेले गरे आंब्याहूनही गोड. कच्च्या फणसाची भाजी मात्र खुशाल खा. उकडीचे मोदक हा अवघड विषय, कारण आत गूळ आणि बाहेर तांदळाची उकड, दोन्हीकडून साखर. माझा तोडगा असा: मोदक दोन, आणि त्या जेवणात भात नाही. गणपतीने याला अजून हरकत घेतलेली नाही.

कुणाचं ऐकायचं हा प्रश्न महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत फारच तापला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसात दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचा मंत्र घरोघरी नेला; आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात. भावाभावांत वाद झाले. दोन वेळांच्या जेवणाने मधल्या वेळचं चिवडा-बिस्कीट-फरसाण बंद झालं आणि वजन उतरलं, अशी माणसं मी पाहिली आहेत. पण त्या दोन जेवणांत भाताचा डोंगर तसाच असेल तर घड्याळाने काय करावं? आणि ज्यांना ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण टाळलं किंवा भात एकदम तोडला, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. असं झालं तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची. वरच्या फळीवरचा डबा त्यासाठी ठेवावा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना ही भीती फारशी नसते. तरी जेवण बदलणार असाल तर गोळ्या लिहून देणाऱ्याला आधी सांगा, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. झपाट्याने वजन उतरतंय, सारखी तहान आणि लघवी होतेय, किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, गरोदरपण आहे, तर हा लेख बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

कारल्याचा रस आणि जांभळाच्या बिया यांनी फार काही बिघडत नाही. बिघडतं ते त्यांच्या भरवशावर भात तसाच ठेवल्याने.

कुठला पदार्थ आपल्याला किती चढतो हे घरच्या ग्लुकोमीटरवर कळतं. जेवणाआधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एक दिवस तीन वाट्या भात, एक दिवस एक वाटी आणि वाटीभर पिठलं. दोन्ही आकडे शेजारी लिहा. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य असतं. तुमचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलं. निदान झालं त्याच महिन्यात डोळ्यांचा पडदा, तळपायांची संवेदना आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, कारण टाईप टू मधुमेह कळायच्या आधी काही वर्षं मुक्कामाला असू शकतो.

एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी का, तर रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला चिकटलेली साखर आपण मोजतो. म्हणून आठ दिवस भात कमी करून रिपोर्ट काढायला धावू नका. आज वाटी सुरू केली असेल, तर भिंतीवरच्या कालनिर्णयात तीन महिन्यांनंतरच्या चौकटीत 'शुगर' असं लिहून ठेवा. ती चौकट गणपतीनंतरच्या आठवड्यात येत असेल तरी तारीख पुढे ढकलू नका.